पाऊस आला की एसी गळतो: यातून नेमकं काय सिद्ध होतं?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. तुम्ही आराखडा मांडता, 'अमुकमुळे तमुक होतं' असं सांगता, आणि समोरून शांतपणे विचारणा होते, "हे तुम्हाला कसं कळलं? दुसऱ्या कशामुळे होत नसेल कशावरून?" बरेच जण इथे आणखी चार पेपरची नावं सांगतात. समितीला ती नको असतात. दोन कारणांमधून एक वेगळं काढायची तुमची युक्ती काय आहे, एवढंच तिला ऐकायचं असतं.

ही युक्ती शिकायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आज आपण एक साधा, गॅरेजमधला प्रश्न घेऊ: गाडीच्या छतावर बसवलेला एसी पावसाळ्यात गळतो, तेव्हा पाणी येतं कुठून आणि ते थांबवायचं कसं? शेवटपर्यंत वाचलंत तर गळती शोधता येईलच, आणि प्रयोगाची आखणी हा जो भाग मुलाखतीत अडतो, तोही हाताला लागेल.

एसी छतावर बसतो कसा?

आधी वस्तू समजून घेऊ. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून राहण्याची सोय असलेल्या ट्रेलर आणि व्हॅन आपल्याकडेही थोड्याफार दिसायला लागल्या. त्यांच्या छतावर पेटीसारखा एक एसी असतो. सोलापुरातून हैदराबाद रोडने किंवा पुणे नाक्याकडून जाणाऱ्या स्लीपर बस बघा, त्यांच्याही टपावर एसी असतो. १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई-सोलापूर वंदे भारतच्या डब्यांवरही एसीचे संच छतावरच आहेत. आकार आणि ताकद वेगवेगळी, पण अडचण एकच: पाऊस अडवायला केलेल्या छताला आपण स्वतःहून भोक पाडलेलं असतं.

ट्रेलरच्या एसीत हे भोक साधारण ३५ सेंटिमीटर लांब-रुंद असतं. भोकाच्या कडेने स्पंजासारखी जाड पट्टी असते. तिला गास्केट म्हणतात, गॅरेजमध्ये 'पॅकिंग'. तिच्यावर ३५-४५ किलोचा एसी बसतो. आतून, म्हणजे छताच्या खालच्या बाजूने, चार लांब बोल्ट त्याला खाली ओढून धरतात. बोल्ट आवळले की पॅकिंग दबतं आणि भोकाभोवती बांध तयार होतो. छतावरचं पाणी आणि गाडीचा आतला भाग यांच्यामध्ये आहे ते एवढंच.

आता एसीच्या पोटात काय आहे ते बघू. तिथे कूलिंग कॉइल असते. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि तिचं पाणी होतं, थंडगार तांब्याच्या बाहेरून थेंब येतात तसंच. हे पाणी कॉइलखालच्या ड्रेन ट्रेमध्ये पडतं. ट्रेला बारीक भोकं असतात. त्यांतून ते छतावर, पॅकिंगच्या बाहेरच्या बाजूला येतं आणि ओघळून जातं. ही भोकं धूळ, पानं किंवा पिसांनी तुंबली की ट्रे भरतो, आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी मधल्या भोकातून आत उतरतं.

म्हणजे आत टपकणारं पाणी दोन प्रकारचं असू शकतं. एक आभाळातून आलेलं, दुसरं एसीने स्वतः तयार केलेलं. थेंबाकडे नुसतं बघून हा फरक सांगता येत नाही.

'पावसात गळतं' हा पुरावा आहे का?

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? उन्हाळाभर एसी चालला, थेंब पडला नाही. पाऊस सुरू झाला आणि गळायला लागला. म्हणजे पावसाचंच पाणी, पॅकिंग गेलं, सीलंट मारा.

इथे थांबा. सोलापूरची हवाच आपल्याला इथे फसवते. थोडं गणित करू.

समजा मे महिन्यातली दुपार आहे. तापमान ४२ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. अशा एक किलो हवेत साधारण ११ ग्रॅम वाफ असते. आता सप्टेंबर घ्या, आपल्याकडचा भरवशाच्या पावसाचा महिना. तापमान ३० अंश, आर्द्रता ७० टक्के. आता एक किलो हवेत साधारण २० ग्रॅम वाफ. कूलिंग कॉइलचा पृष्ठभाग १० अंशांवर असेल तर तिला स्पर्शून गेलेल्या हवेत फार तर ८ ग्रॅम वाफ टिकते. उरलेली कॉइलवर पाणी होऊन बसते. म्हणजे मे महिन्यात किलोमागे जास्तीत जास्त ३ ग्रॅम पाणी, सप्टेंबरमध्ये १२ ग्रॅम. एसी तोच, गाडी तीच, पाणी चौपट.

हे पाणी किती भरतं? ट्रेलरचा नेहमीचा एसी साधारण ४ किलोवॅटचा, म्हणजे एक टनाहून थोडा मोठा असतो. दमट हवेत त्यातला पाव हिस्सा, १ किलोवॅट, वाफेचं पाणी करण्यात जातो असं धरू. एक किलो वाफेचं पाणी करायला सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३६०० ला २४५० ने भागा: तासाला जवळजवळ दीड लिटर. रात्रभराच्या प्रवासात बादलीभर. आत माणसं असतील तर भर आणखी. स्वस्थ बसलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो.

आता ते वाक्य पुन्हा वाचा: 'पाऊस आला की गळतं.' पावसासोबत दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. छतावर पाणी आलं, आणि हवेतली वाफ वाढली. छत शाबूत असलं आणि ड्रेनची भोकं अर्धवट तुंबलेली असली, तरी तुम्हाला हेच दिसणार: उन्हाळ्यात कोरडं, पावसाळ्यात ओलं.

संशोधनाच्या भाषेत दमटपणा इथे 'गोंधळकारक चल' आहे. तो संशयित कारणासोबत, म्हणजे पावसासोबत, ये-जा करतो आणि परिणाम, म्हणजे गळती, स्वतःही घडवू शकतो. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ही व्याख्या पाठ होते, पण आपल्या विदेत तो कुठे दडलाय हे ओळखता येत नाही. एक सोपी सवय लावून घ्या. 'क्ष झालं की य होतं' असं लिहिलंत की लगेच स्वतःला विचारा: क्ष झालं तेव्हा आणखी काय काय बदललं?

जुलै २०२४ मध्ये दिल्ली-वाराणसी वंदे भारतच्या एका डब्यात छतातून पाणी टपकतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोकांनी 'नवीन गाडीचं छप्पर गळतंय' म्हणून टाकलं. उत्तर रेल्वेने कारण दिलं ते पाइप तात्पुरता तुंबल्याचं. खरं कोणाचं, हा आपला मुद्दा नाही. व्हिडिओत होतं ते निरीक्षण: पाणी पडतंय. 'छप्पर गळतंय' हा त्यावरून काढलेला एक निष्कर्ष आणि 'पाइप तुंबला' हा दुसरा. दोन्ही तपासावेच लागतात. आराखडा लिहिताना निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

चार चौकोन

दोन कारणं एकत्र चालत असतील तर ती मुद्दाम वेगळी चालवायची. आभाळ आपल्या हातात नाही, पण पाण्याचा पाइप आहे. वहीत चार चौकोन आखा.

पहिला: छत कोरडं, एसी बंद. इथे गळायला नको. हा तुमचा नियंत्रण गट. इथेही पाणी दिसलं तर तिसराच कोणीतरी गुन्हेगार आहे: पाण्याच्या टाकीची नळी, किंवा छताच्या आतल्या थरात मुरून बसलेलं जुनं पाणी.

दुसरा: छत कोरडं, एसी चालू. इथे गळलं तर पाणी एसीचं. पण मेमधल्या कोरड्या दुपारी ही चाचणी घेऊ नका. तेव्हा एसी पाणीच कमी तयार करतो, आणि 'नाही गळलं' हे उत्तर खोटं ठरेल. दमट दिवस निवडा. तसा दिवस मिळत नसेल तर एसी बंद करून, वीज तोडून, ड्रेन ट्रेमध्ये एक लिटर पाणी हळूहळू मोजून ओता आणि ते बाहेर कुठून, किती वेळात येतं ते बघा.

तिसरा: छतावर पाणी, एसी बंद. इथे गळलं तर छत, पॅकिंग किंवा एखादा जोड दोषी.

चौथा: छतावर पाणी, एसी चालू.

बऱ्याच जणांना चौथा चौकोन फुकटचा वाटतो. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात उत्तर मिळाल्यावर तो कशाला? कारण कधीकधी दुसऱ्यात गळत नाही, तिसऱ्यात गळत नाही, आणि चौथ्यात धो धो गळतं. ड्रेनची भोकं अर्धवट तुंबलेली आहेत असं समजा. एसीचं तासाला दीड लिटर पाणी त्यांतून कसंबसं निघून जातं. एसीच्या जाळीतून आत येणारं पावसाचं दोन-तीन लिटरही निघून जातं. दोन्ही एकदम आलं की ट्रे ओसंडतो. दुसरी शक्यता पंख्याची. एसीचा पंखा आतली हवा वर ओढतो, तिथे थोडी पोकळी तयार होते, आणि सैल पॅकिंगमधून एरवी आत न येणारं छतावरचं पाणी तो ओढून घेतो.

याला 'परस्परक्रिया' म्हणतात: एका कारणाचा परिणाम दुसरं कारण हजर आहे की नाही यावर ठरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शाळेत शिकलेली शिस्त इथे कमी पडते, कारण चौथा चौकोन तिच्यात येतच नाही. इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड शेती केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरने १९२६ मध्येच या समजाला हरकत घेतली होती. खत, वाण आणि पाणी यांचे प्रश्न निसर्गाला एकत्र, पण नीट आखून विचारावेत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं प्रयोगांच्या आखणीवरचं पुस्तक १९३५ मध्ये आलं. आपल्या सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं ते १९३३ साली, जवळपास त्याच काळात. ज्वारीच्या वाफ्यांवरचा प्रयोग असो की एसीचं छत, चौकोनांचा तर्क बदलत नाही.

चौथ्या चौकोनात गळलं तर आणखी एक चाचणी घ्या. एसी फक्त 'पंखा' या खटक्यावर ठेवा, कूलिंग बंद, आणि छतावर पाणी सोडा. गळलं तर संशय पंख्याच्या ओढीवर आणि पॅकिंगवर जातो. नाही गळलं तर ट्रे ओसंडतोय याला बळ मिळतं. 'एसी चालू' या एका शब्दात थंडावा आणि ओढ अशा दोन गोष्टी लपलेल्या होत्या, त्या अशा सुट्या झाल्या. तुमच्या आराखड्यातला 'हस्तक्षेप' हा शब्दही असाच असतो. तो फोडून बघा, आत किती गोष्टी आहेत ते कळेल.

जिथे टपकतं तिथे भोक नसतं

समजा निकाल तिसऱ्या चौकोनाचा आला. एसी बंद, छतावर पाणी, आणि आत गळतंय. आता पाणी छतावर नेमकं कुठून शिरतंय?

सोलापूर आणि मराठवाड्याकडे माळवदाची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे सांगायची गरज नाही. पाणी मातीच्या थरात एका जागी मुरतं, तुळईच्या कडेने सरकतं आणि भलत्याच खोलीत टपकतं. म्हणून जाणती माणसं थेंबाखाली भांडं ठेवतात, पण डागडुजीसाठी वर चढल्यावर उताराच्या उलट्या दिशेने शोध घेतात.

ट्रेलरचं छत असंच थरांचं असतं: वर पत्रा, फायबर किंवा रबराचा पडदा, खाली प्लायवूड, मध्ये उष्णतारोधक फोम, मग आतलं सिलिंग. यात एसीचं भोक ही सगळ्यात सोयीची वाट असते. चार-पाच फूट लांबच्या जोडातून शिरलेलं पाणी थरांमधून सरकत येतं आणि एसीच्या भोकाशी टपकतं. दोष मात्र एसीच्या नावावर लागतो.

म्हणून संशयितांची यादी करा, एकच नाव लिहून थांबू नका. पॅकिंग कायमचं चपटं झालं असेल. बोल्ट रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाले असतील. एसीच्या वजनाने छताला झोळ पडला असेल आणि तिथे तळं साचत असेल. एक चौरस मीटरच्या झोळात ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५ लिटर, तेही तासन्‌तास पॅकिंगला टेकून. हवेचं झडप, दिव्याची वायर, अँटेना किंवा पत्र्याचा जोड उघडा पडला असेल.

जोडांवर संशय घ्यायला सोलापूरचं ऊनही पुरेसं कारण आहे. ६ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहाटे २७ अंशांवर आणि दुपारी ६५ अंशांवर असेल, तर तो दिवसाकाठी ५ मिलिमीटरपर्यंत लांबू पाहतो. स्टीलचा त्याच्या निम्मा. हा ताण रोज जोडांवर आणि सीलंटवर येतो. पाऊस फक्त निकाल जाहीर करतो, पेपर उन्हाळ्याने लिहिलेला असतो.

भूवैज्ञानिक थॉमस चेंबरलिन याने १८९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अनेक गृहीतकं एकाच वेळी जवळ बाळगण्याची पद्धत मांडली. एकच कल्पना धरून बसलं की माणूस तिचा आईबाप होतो आणि तिचे दोष त्याला दिसेनासे होतात, हा त्यामागचा विचार. गॅरेजमध्ये या आईबापाचं नाव सीलंटची नळी. ती हातात असली की प्रत्येक गळती पॅकिंगचीच वाटते.

पाइपची चाचणी: खालून वर

कोरडा दिवस निवडा. आदल्या चाचणीचं पाणी थरांत शिल्लक असेल तर ते आजच्या निकालात मिसळतं, म्हणून दोन चाचण्यांत पूर्ण वाळायला वेळ द्या. आतून एसीची सिलिंगची जाळी काढा. भोकाच्या चारही कडांना टिश्यू पेपर चिकटवा, किंवा खडूची पूड लावा. पहिला ओला डाग कोणत्या कडेला पडतो ते त्यावर स्पष्ट दिसतं. एक माणूस आत विजेरी आणि घड्याळ घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन.

पाणसळ लावून छताचा उतार कुठे आहे ते बघा. पाणी सोडायची सुरुवात सगळ्यात खालच्या जागेपासून करा आणि हळूहळू वर जा. आधी कडेचे जोड, मग दिवे आणि अँटेना, मग हवेचं झडप, मग एसीचा तळ, सगळ्यात शेवटी एसीचा माथा. प्रत्येक जागी १०-१५ मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालच्या सगळ्या जागा भिजवत येईल आणि गळालं तरी कोणामुळे ते कळणार नाही. पाण्याला जोर नको, पावसासारखं पडू द्या. प्रेशर वॉशरने चांगला जोडही उघडतो. मग तुम्ही गळती शोधली नाही, तयार केली.

सुरक्षेचं मध्येच सांगतो, कारण प्रयोग आखताना हेच राहून जातं. ओल्या छतावर चढू नका, शिडीवरून काम करा. एसी चालू ठेवून पाणी सोडायचं असेल तेव्हा वीज ईएलसीबी लावलेल्या जोडणीतूनच घ्या, आणि एसी उघडायचा असेल तर आधी वीज पूर्ण तोडा.

वहीत चार रकाने ठेवा: जागा, पाणी सोडल्याची वेळ, आत पहिला थेंब दिसल्याची वेळ, कोणत्या कडेला. मधला वेळ महत्त्वाचा आहे. एका मिनिटात थेंब आला तर वाट जवळची. चाळीस मिनिटांनी आला तर पाणी लांबून सरकत आलंय, आणि कदाचित ते तुम्ही आता भिजवत असलेल्या जागेचं नाही, दोन जागांपूर्वीचं आहे. प्रत्येक 'सापडलं' पुन्हा वाळवून एकदा तरी परत घडवून बघा. एकदाच घडलेल्या गोष्टीवर प्रबंधाचं प्रकरण उभं करायचं नसतं.

दुरुस्ती, कारणाप्रमाणे

ट्रे ओसंडत असेल तर ट्रे आणि ड्रेनची भोकं साफ करा, गाडी समपातळीत उभी करा. बस्स. या गळतीवर एसीच्या तळाभोवती सीलंटचा गोल मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. त्याने पाणी बाहेर जायची वाटच बंद होते आणि राहिलेलं सगळं आत उतरतं. चुकीचं निदान कधीकधी नुसतं निरुपयोगी ठरत नाही, आजार वाढवतं. वर पुरावाही पुसतं, कारण पुढच्या वेळी मूळ दोष शोधायचा तर आधी तो थर खरवडावा लागतो.

पॅकिंग सैल असेल तर चारही बोल्ट समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. किती आवळायचे तो आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेत असतो. बऱ्याच युनिटांत तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे फारच हलका हात. पॅकिंग साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबलं की पुरे. दाबून सपाट केलंत तर त्याचा स्प्रिंगपणा जातो आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर ते परत गळतं.

पॅकिंग आधीच चपटं असेल तर नवीन घाला. एसी दोन-तीन जणांनी उचला, ओढू नका. भोकाच्या कडेचं प्लायवूड बोटाने दाबून बघा. मऊ लागलं तर ते बदलल्याशिवाय आणि नीट वाळवल्याशिवाय वरचं काम करू नका. ओल्या लाकडावर बसवलेलं नवं पॅकिंग पाणी आत कोंडून ठेवतं. छताला झोळ असेल तर भोकाभोवती आतून आधाराची चौकट द्या.

जोड गळत असेल तर जुनं सिलिकॉन आधी पूर्ण काढा, कारण त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. पट्टीखाली बुटाइल टेप आणि वरून छताच्या सामग्रीला चालणारं लवचीक सीलंट लावा. ईपीडीएम रबराचं छत असेल तर पेट्रोलियमवर आधारलेलं काही लावू नका, रबर फुगतं.

आणि मग जी चाचणी आधी नापास झाली होती तीच, तितक्याच वेळासाठी, त्याच जागी परत घ्या. 'दुरुस्तीनंतर आठ दिवस गळलं नाही' याला अर्थ नाही, त्या आठ दिवसांत पाऊसच पडला नसेल. आपल्याकडे दोन पावसांत पंधरवड्याचा खंड सहज पडतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. गाडीवाल्याला गळती थांबायला हवी असते, कारण कळलं नाही तरी चालतं. तो म्हणेल, पॅकिंग बदला, जोड भरा, ट्रे साफ करा, सगळं एकदम करा. त्याच्या जागी ते बरोबरही आहे, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. पण सगळं एकदम केल्यावर पाणी थांबलं तर कशाने थांबलं ते तुम्ही सांगू शकत नाही, आणि पुढची गाडी आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. संशोधक म्हणून तुम्हाला मिळतो तो पगार किंवा फेलोशिप हे 'कशाने' सांगण्यासाठी असते. आराखडा लिहिताना स्वतःला विचारा: मला गळती थांबवायची आहे, की ती का होते हे शोधायचं आहे? दोन्हींची आखणी वेगळी असते, आणि समिती तेच तपासत असते.

आता तुम्ही

खाली तीन निरीक्षणं देतो आहे. प्रत्येकासाठी किमान दोन वेगवेगळी कारणं लिहा, आणि त्यांतलं एक बाद करेल अशी एकच चाचणी सुचवा.

एक: गाडी उभी असताना मोठा पाऊस झाला, एसी बंद, आत थेंब नाही. तीच गाडी, एसी बंदच, पावसात महामार्गावर धावताना गळते.

दोन: आभाळ निरभ्र, रात्रभर एसी चालू. पहाटे चालकाने जोरात ब्रेक मारला आणि जाळीतून एकदम पेलाभर पाणी पडलं.

तीन: पाऊस थांबून दोन तास झाले, एसी दिवसभर बंद. आता टपकायला लागलं.

ही तीन उत्तरं लिहून झाली की त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तुमच्या स्वतःच्या विषयाचं मुख्य विधान लिहा. त्याखाली चार चौकोन आखा आणि तुमचा पाऊस कोणता, तुमचा एसी कोणता ते भरा. एखादा चौकोन रिकामा राहिला, तर मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेक त्याच चौकोनातून येईल. तो आजच सोडवायला घ्या.